तसबिरीआडची भेग

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे पाठविले. पुनरुत्थान सणानंतरचे घरोघरचे आशीर्वाद केव्हाच आटोपले होते. मग हे अवेळी निमंत्रण कशासाठी, असा प्रश्न मनात आला. तरी पवित्र पाण्याची कुपी घेऊन आम्ही गेलो. घर ओळखू येईना. बाहेरच्या भिंतींना नवा रंग, दाराला चकाकणारे पॉलिश, खिडक्यांना कोरे पडदे. बैठकीच्या खोलीत येशूच्या परमपवित्र हृदयाची जी जुनी तसबीर इतकी वर्षे दारासमोरच्या भिंतीवर होती, ती मात्र आता उत्तरेकडच्या कोपऱ्यात, खिडकीला अगदी खेटून टांगलेली दिसली. त्या घरात आम्ही अनेकदा जेवलो आहोत. त्या कोपऱ्यात काय होते ते आम्हांला ठाऊक होते. खिडकीच्या चौकटीच्या टोकापासून तिरपी छताकडे चढत गेलेली, बोटाचे पेर आत जाईल एवढी भेग तेथे होती.

"रविवारी गिऱ्हाईक येणार आहे, फादर," घरधनी म्हणाले. "तुमचा आशीर्वाद मिळाला म्हणजे काम फत्ते होईल."

पुढे काय घडले ते शेवटी सांगू. हे लिहिण्यास त्या कुटुंबाने संमती दिली आहे आणि नाव-गाव न सांगण्याचे वचन आम्ही त्यांना दिले आहे. परंतु ही एकाच घराची गोष्ट असती तर ती पापनिवेदनाच्या जागेपुरती राहिली असती. मलकापूर, नांदुरा, खामगाव, चिखली अशा गावांतून आमच्या पाहण्यातली कितीतरी ख्रिस्ती घरे गेल्या काही वर्षांत विकली गेली. मुले पुण्याला, नाशिकला, कोणी आखाती देशांत. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि आजोबांनी रेल्वेच्या किंवा शाळेच्या नोकरीत पैपैसा जोडून बांधलेले घर. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने तो आपल्या जिल्ह्यातून जातो, आणि तेव्हापासून जागांच्या भावाच्या गप्पा चर्चच्या आवारातसुद्धा मिस्सा संपण्याची वाट पाहत उभ्या असतात.

घर विकणे हे पाप नव्हे. हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो, कारण धर्मगुरू पैशाविषयी बोलू लागला की तो सर्वच व्यवहाराला नावे ठेवणार, अशी लोकांची समजूत असते. अब्राहामाने जागा विकत घेतली, यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतले, आणि दोन्ही व्यवहार पवित्र शास्त्राने मोठ्या आस्थेने नोंदविले आहेत. आमचा आक्षेप विक्रीला नाही. विक्रीपूर्वी घराची जी 'तयारी' केली जाते तिला आहे. आमच्या मते ही तयारी आज बहुतेक ठिकाणी लबाडीचे सभ्य नाव झाले आहे.

ही तयारी म्हणजे काय, ते दलालाच्या तोंडून ऐकावे. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे खरवडून त्यावर पुट्टीचे दोन हात द्यावेत. भेगांत लांबी भरावी. घर दाखवायचे ते माघ-फाल्गुनात, पावसाळ्यात चुकूनही नाही. गिऱ्हाईक यायच्या दिवशी टाकी टँकरच्या गोड्या पाण्याने भरून ठेवावी. शेजारच्या नाल्याचा विषय निघालाच तर हसून टाळावा. म्हाताऱ्या आईला त्या दिवशी लेकीकडे धाडावे, कारण ती काहीही बोलून जाते. आणि देवघर, म्हणजे आपली वेदी, गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून ठेवावी किंवा उतरवावी.

यातले काय निषिद्ध आणि काय नाही, याचा विवेक करू. घर झाडून पुसून स्वच्छ करणे, मोडकी कडी बसविणे, गळका नळ दुरुस्त करणे, भिंतींना रंग देणे यांत काही गैर नाही. पाहुणा येणार म्हणून आपण घर आवरतो, मग घर कायमचे दुसऱ्याच्या हाती देताना ते आवरून द्यावे हे तर सौजन्यच झाले. प्रश्न असा आहे की रंग भिंतीला दिला की दोषाला? दुरुस्त केलेली भिंत रंगविणे म्हणजे दुरुस्ती पूर्ण करणे. न दुरुस्त केलेली भिंत रंगविणे म्हणजे घेणाऱ्याच्या डोळ्यांना रंग फासणे. आपल्या मराठी भाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. भिंतीला चुना लावतात आणि माणसालाही चुना लावतात. शब्द एकच, आणि घर विकताना पुष्कळदा कृतीही एकच.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात तेराव्या अध्यायात हेच चित्र आहे. लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला चुना फासतात. मग पाऊस येतो, गारा येतात, वादळ येते. भिंत कोसळते आणि पाया उघडा पडतो. संदेष्ट्याचा राग कच्ची भिंत बांधणाऱ्यांपेक्षा चुना फासणाऱ्यांवर अधिक आहे. हे वाचताना आम्हां धर्मगुरूंना आपलीच आठवण यावी, असे आम्हांला वाटते. त्याविषयी पुढे.

आपल्या जिल्ह्यात तर ही उपमा राहत नाही, वस्तुस्थितीच होते. येथील काळी माती कापसाला लाभते, पण घराला छळते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हातभर खोल भेगा पडतात. ज्या घराचा पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसतो, ते घर दरवर्षी मातीबरोबर वर-खाली होते. दार-खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग हे त्याचेच लक्षण. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली आहे. जुन्या घराला जोत्याभोवती फरसबंदी करणे, पन्हाळीचे पाणी पायापासून दूर नेणे, गरज पडेल तेथे पाया खालून बांधून काढणे, हे उपाय कोणताही जाणता गवंडी सांगेल. मे महिन्यात भेगेत भरलेली लांबी हा उपाय नव्हे. मृगाचे दोन पाऊस झाले की ती फुगते आणि भेग पुन्हा तोंड उघडते. फरक इतकाच की तोपर्यंत खरेदीखत झालेले असते आणि भेगेकडे पाहत दुसरेच कुटुंब बसलेले असते.

पाण्याचेही तसेच. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूच्या अनेक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. गावातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही; पण निवृत्तीनंतर शांतपणे राहावे म्हणून दुरून येणाऱ्याला ते कसे कळणार? त्याला अंगणातला बोअर दाखविला जातो, मोटार चालू करून दाखविली जाते, पाण्याची धारही दाखविली जाते. ओंजळभर पाणी पिऊन पाहा, असे मात्र कोणी म्हणत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: "घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आम्ही कुठे खोटे बोललो? आम्ही फक्त बोललो नाही." हा युक्तिवाद आजचा नाही. ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन विद्वान सिसेरोने कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात तो नेमका घराच्या विक्रीवरूनच तपासला आहे. एक भला माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजके आहे. हे त्याच्यावाचून कोणाला माहीत नाही. त्याने सांगावे की न सांगावे? सिसेरो म्हणतो, सांगावे. त्याच ग्रंथात त्याने एक प्रत्यक्ष खटलाही दिला आहे. रोममधील एका टेकडीवरचे घर शकुन पाहण्याच्या आड येते, म्हणून त्याचा उंच भाग पाडावा, असा हुकूम शकुनवेत्त्या पुरोहितांनी दिला होता. मालकाने तो हुकूम दडवून घर विकले. न्यायाधीश मार्कस केटो याने निकाल दिला की विकणाऱ्याला माहीत होते आणि त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्यानेच भरून द्यावे. हे सगळे लोक आपल्या श्रद्धेचे नव्हते. प्रभूचा जन्म व्हायचा होता. तरीही इतके त्यांना कळत होते.

पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी धर्मसेवकांसाठी लिहिताना हाच विचार उचलला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया'त स्वतंत्र प्रश्नच घातला आहे: विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगावा काय? त्यांचे उत्तर समतोल आहे. जो दोष उघड दिसतो, जसे एका डोळ्याने आंधळा घोडा, तो सांगत बसण्याचे बंधन नाही. किंमत मात्र त्या मानाने कमी घ्यावी. पण जो दोष झाकलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात होईल, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक. उदाहरणांत त्यांनी पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणारा माणूसही घेतला आहे. बुलढाण्याची काळी माती त्यांनी पाहिली नव्हती, पण माणूस पाहिला होता.

आणि ज्यांना संतांपेक्षा सरकार जवळचे वाटते, त्यांच्यासाठी हेही सांगतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम हेच म्हणते. मालमत्तेतील अथवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नाही, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि तो न सांगणे कायद्याच्या दृष्टीने कपट आहे. 'आम्ही फक्त बोललो नाही' ही सबब ना सिसेरोपुढे टिकली, ना संत थॉमसपुढे, ना कायद्यापुढे. ती फक्त आपल्या मनापुढे टिकते, कारण तेथे न्यायाधीशही आपणच असतो.

परंतु भिंतीची भेग त्यातल्या त्यात बरी; ती निदान पावसाळ्यात तरी दिसते. याहून खोल भेग कागदांत असते. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नाही. तरी तोच पुढे करून सौदे होतात. विदर्भातल्या शहरांत पुष्कळ घरे नझूलच्या भाडेपट्ट्याच्या जागेवर उभी आहेत. पट्ट्याची मुदत केव्हा संपली, परवानगी कोणाची लागते, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सांगितले जात नाही. आजोबांच्या नावावरचे घर दोन पिढ्या वारसनोंदीवाचून तसेच पडून असते आणि विकायची वेळ आली की एका आठवड्यात सर्वांच्या सह्या गोळा करण्याची धांदल उडते.

या धांदलीत जो अन्याय होतो तो आमच्या मते सर्वांत मोठा, आणि तो परक्यावर नव्हे, रक्ताच्या माणसावर होतो. आपल्या समाजात अजूनही कित्येक भावांना असे वाटते की लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा घरात वाटा नसतो; तिला एक चांगली साडी नेसवली, दोन दिवस माहेरपण केले आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली म्हणजे विषय मिटला. बंधूंनो, हे अज्ञान असेल तर ते दूर करा आणि लोभ असेल तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा. आपणां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग त्यांच्या पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे, त्यांत मुलगा आणि मुलगी समसमान. केरळमध्ये त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने सिरियन ख्रिस्ती मुलींना हा समान वाटा नाकारला जात होता. मेरी रॉय नावाची एक बाई त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. आपल्याकडे न्यायालयात जाण्याचीही गरज नाही. कायदा आधीच बहिणीच्या बाजूने आहे. गरज आहे ती फक्त भावाने खरे सांगण्याची. बहिणीने सर्व समजून उमजून, मनापासून वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण काय सोडते आहे हे तिला न सांगता घेतलेली सही आणि लांबीखाली बुजविलेली भेग यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

आईचेही तसेच. पतीच्या पश्चात ज्या घराचा तिसरा हिस्सा कायद्याने तिचा, त्या घराच्या सौद्याच्या दिवशी ती लेकीकडे धाडलेली असते. चुलीची जागा कोणती, कोणत्या खोलीत कोण जन्मले, कोणत्या दारातून पतीची शवपेटी निघाली, हे सारे जिला माहीत तिलाच कोणी विचारीत नाही. घर विकले की ती कोणाकडे राहील, किती दिवस राहील, तिच्या नावावर बँकेत काय राहील, हे ठरविल्यावाचून जो मुलगा इसार घेतो, त्याच्या घराच्या तयारीत सर्वांत महत्त्वाची खोली राहूनच गेली, असे आम्ही समजतो.

मग येतो पैसा. खरेदीखतावर एक रक्कम, हातात दुसरी. यावर कोणी आक्षेप घेतला तर 'फादर, जग असेच चालते' हे वाक्य तयार असते. जग कसे चालते ते सरकारलाही ठाऊक आहे, म्हणूनच १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक इसार रोख घेण्यास मनाई आहे. पण दंडाची भीती दाखविणे हे आमचे काम नव्हे. आम्ही वाचकांना प्रेषितांच्या कृत्यांतील पाचव्या अध्यायाकडे नेऊ. हनन्या आणि सप्पिरा या नवराबायकोने आपली जमीन विकली आणि किमतीतला काही भाग मागे ठेवून उरलेला सर्व पैसा म्हणून प्रेषितांपुढे ठेवला. पेत्राने त्यांना पैसे ठेवून घेतल्याबद्दल दोष दिला नाही. जमीन तुमची होती, पैसाही तुमचाच होता, असेच तो म्हणाला. दोष दिला तो खोट्या रकमेबद्दल. नव्या करारातील पहिल्या ख्रिस्तसभेवर पडलेला हा पहिला काळा डाग स्थावर मालमत्तेच्या विक्रीतला आहे, हे आपण कितीदा ध्यानात घेतो?

त्याउलट अब्राहामाचा व्यवहार पाहा. साराच्या दफनासाठी त्याने मख्पेलाची गुहा घेतली ती नगराच्या वेशीत, सर्वांच्या देखत, चारशे शेकेल रुपे तोलून. शेत, गुहा आणि हद्दीतली झाडेसुद्धा नोंदली गेली. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच जणू. यिर्मयाने अनाथोथचे शेत घेताना खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवविल्या. आमच्यातल्या कित्येकांकडेही दोन प्रती असतात, पण त्यांतल्या एकीवर वेगळीच किंमत असते.

आता वेदीविषयी. गिऱ्हाईक वास्तुशास्त्र मानणारे असेल तर क्रूस उतरवून ठेवावा, खोलीची उत्तर-दक्षिण बदलावी, असा सल्ला दिला जातो आणि आपले लोक तो पाळतात. घर सोडताना वेदी उतरविणे योग्यच आहे. ती आपल्याबरोबर नव्या घरी जायची असते. पण प्रार्थना करून, कुटुंबाने एकत्र येऊन उतरविलेला क्रूस वेगळा आणि गिऱ्हाईक बिचकेल म्हणून गादीखाली लपविलेला क्रूस वेगळा. पहिला प्रवासाला निघालेला असतो, दुसऱ्याला नाकारलेले असते. याच पंक्तीतला आणखी एक प्रकार परदेशातून येत आहे. अमेरिकेत घर लवकर विकले जावे म्हणून संत योसेफाची प्लॅस्टिकची छोटी मूर्ती अंगणात डोके खाली करून पुरतात. तशा मूर्तींचे संचच तेथे विकत मिळतात. आमच्याकडे एका भगिनीने भ्रमणध्वनीवर आलेला तो संदेश दाखवून विचारले, "फादर, आपल्याकडे चालेल का?" ज्या सुताराने आपल्या हाताने घरांच्या चौकटी जोडल्या, पवित्र कुटुंबाला एका गावातून दुसऱ्या गावी सुखरूप नेले, त्याला उलटा गाडून त्याच्याकडून दलाली करवून घ्यायची! नाही भगिनी, चालणार नाही. संत योसेफाची मध्यस्थी अवश्य मागा. पण त्याच्यापुढे उभे राहून मागा, आणि मागताना भिंतीतली भेग त्याला दाखवा. तो कारागीर आहे, त्याला ती कळेल.

यावर शेवटचा आणि खरा आक्षेप आमच्याजवळ अश्रूंसह येतो. "फादर, तुमचे बरोबर. पण मुलीच्या नर्सिंगची फी भरायची आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेचे कर्ज आहे. खरे सांगितले तर भाव पडेल. तो तोटा कोण भरून देईल?" या प्रश्नापुढे मोठ्या आवाजात बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही ब्रह्मचारी माणसे. आमच्या डोक्यावरचे छप्पर ख्रिस्तसभेने घातलेले आहे आणि आम्हांला कोणाची फी भरावी लागत नाही. खरे बोलल्याने तोटा होणार नाही, देव दुप्पट देईल, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. तोटा होतो. भेगेची खरी किंमत कोणीतरी मोजावीच लागते. प्रश्न एवढाच की ती ज्याला भेग माहीत होती त्याने मोजावी, की ज्याला माहीत नव्हती त्याने? घेणाराही कोणी धनाढ्यच असतो असे नाही. तोही आयुष्यभराची पुंजी, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे, बायकोचे दागिने घेऊन आलेला असतो. त्याच्याही घरी फी भरावयाची मुलगी असते. आपली नड खरी आहे म्हणून ती त्याच्या पदरात टाकण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही कबूल करतो. खरे बोलणाऱ्याला धर्मग्रामाने एकटे सोडू नये. ज्या कुटुंबाला घर विकावयाचे आहे त्याला विश्वासू अभियंता, प्रामाणिक वकील, कागदपत्रे समजावून सांगणारा जाणकार गाठून देणे धर्मग्राम परिषदेला जमणार नाही काय? मुलीच्या फीसाठी बिनव्याजी उसनवारी आपली पतसंस्था किंवा सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी देऊ शकणार नाही काय? आणि आम्ही धर्मगुरूंनी तर आधी स्वतःकडे पाहावे. नव्या रंगाच्या वासात आम्ही यापूर्वीही घरांना आशीर्वाद दिले आहेत. एका घराच्या मागच्या भिंतीची ओल ठाऊक असून आम्ही पवित्र पाणी शिंपडले, चहा घेतला, चर्चच्या छपरासाठी देणगीची पावती फाडली आणि काही न बोलता परतलो. ते घर घेणाऱ्या कुटुंबाला आम्ही आजही रस्त्यात टाळतो. यहेज्केलाने चुना फासणाऱ्यांना जे सुनावले त्यात आमचेही नाव होते.

म्हणून त्या दिवशी आम्ही प्रार्थनेचे पुस्तक उघडण्याआधी म्हणालो, "ती तसबीर जरा तिच्या जुन्या जागी लावता काय?" खोलीत कोणी बोलेना. घरधन्यांचा चेहरा लाल झाला. "फादर, तुम्ही आशीर्वाद द्यायला आलात की घर तपासायला?" असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी आम्हीही तेच म्हटले असते. शेवटी त्यांची आई उठली. ती त्या दिवशी लेकीकडे गेलेली नव्हती. तिने स्टुलावर चढू नये म्हणून नातवाने तसबीर उतरविली. भेग तेथेच होती. वर लांबीचा पांढरा पट्टा होता आणि त्यालाही बारीक चीर गेली होती. आम्ही आशीर्वाद दिला, तो घराला नव्हे, घरातल्या माणसांना. सौद्याला आशीर्वाद देणारी प्रार्थना आमच्या पुस्तकात नाही.

रविवारी गिऱ्हाईक आले. भेग दाखविण्यात आली. ते परत गेले. दोन महिन्यांनी दुसरे आले, त्यांनी अभियंता आणला, पाया बांधून काढण्याचा खर्च किमतीतून वजा केला आणि घर घेतले. बहिणींना त्यांचा वाटा मिळाला. जी रक्कम कमी पडली तिचे कर्ज ते कुटुंब अजून फेडीत आहे. घरधनी मिस्साला येतात, पण पूर्वीसारखे आमच्याशी बोलत नाहीत. तेही आम्ही समजू शकतो. त्यांची आई भाड्याच्या खोलीत आहे. तेथे तसबीर दारासमोरच्या भिंतीवर आहे.

ज्या घरांच्या दारावर आज ना उद्या 'विकणे आहे' अशी पाटी लागणार आहे, त्या सर्व कुटुंबांना आमची विनंती इतकीच. रंगाऱ्याला बोलाविण्यापूर्वी बहिणींना बोलवा. पुट्टी आणण्यापूर्वी कागद काढा. आईला विचारा. घेणाऱ्याला भिंत दाखवा, पाणी पाजा, नाला दाखवा. मग खुशाल रंग द्या. आणि शेवटच्या रात्री, सामान बांधून झाल्यावर, रिकाम्या खोलीत सर्वांनी मिळून एक जपमाळ म्हणा. त्यासाठी बोलावलेत तर आम्ही अवश्य येऊ.